औषधे परंड्यास पोचली; शिक्षण कोठे आहे?

परंड्याच्या किल्ल्यावरील मुलूखमैदान तोफ सतराव्या शतकात विजापुरास नेण्यात आली आणि आजही ती तेथील बुरुजावरच आहे. परंड्यातील मोलाचे जे जे असेल ते बाहेर जावयाचे, हा क्रम जणू तेव्हापासून पडला. ऊस जातो, दूध जाते, हंगामात ऊसतोडीस माणसे जातात, आणि शिकलेली मुले तर पुण्याकडे अशी जातात की सणावारीच दृष्टीस पडतात. उलट दिशेने येणाऱ्या वस्तूंची यादी फार लहान आहे. तीत गेल्या पाच-सहा वर्षांत एका वस्तूची भर पडली असून तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले नाही. हृदयरोगावरील जी औषधे कालपरवापर्यंत मोठ्या शहरांतील निवडक रुग्णांच्याच आवाक्यात होती, ती आता तालुक्याच्या बाजारपेठेतील 'मेडिकल'च्या फळीपर्यंत येऊन पोचली आहेत.

हे कसे घडले ते समजून घेण्यास वैद्यकापेक्षा अर्थशास्त्र अधिक उपयोगी पडते. हृदयाचा स्नायू दुबळा होऊन रक्त पुढे ढकलण्याची त्याची शक्ती घटते, पायांवर सूज येते, रात्री आडवे झाले की धाप लागते. या विकारावर चार गटांतील औषधे एकत्र देण्याची पद्धत आज जगभर रूढ झाली आहे. त्यांतील दोन गट जुने व स्वस्त आहेत. बिसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉल यांसारखी हृदयाची गती आवरणारी औषधे आणि स्पायरोनोलॅक्टोन यांनी मृत्यूचे प्रमाण घटते, हे १९९९ सालीच मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झाले होते. उरलेले दोन गट मात्र नवे. सॅक्युबिट्रिल व वलसार्टन यांच्या संयुक्त गोळीची महत्त्वाची चाचणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. मुळात मधुमेहासाठी निघालेल्या डापाग्लिफ्लोझिनचा हृदयावरील गुण २०१९ साली सिद्ध झाला. भारताने २००५ पासून औषधांवर उत्पादन-पेटंट मान्य केल्यामुळे ही दोन्ही औषधे काही काळ मूळ कंपन्यांच्या हाती व म्हणून महाग होती. पुढे डापाग्लिफ्लोझिनवरील मूळ पेटंटाची मुदत २०२० च्या ऑक्टोबरात संपली, सॅक्युबिट्रिल-वलसार्टनची २०२३ च्या जानेवारीत. दोन्ही वेळा अनेक भारतीय कंपन्या बाजारात उतरल्या आणि किमती झपाट्याने खाली आल्या. स्पर्धेने ग्राहकाचे हित साधते, या पाठ्यपुस्तकी सिद्धांताची इतकी स्वच्छ उदाहरणे आपल्याकडे थोडीच सापडतील.

परंतु पाठ्यपुस्तक येथे थांबते आणि अडचण येथून सुरू होते. वस्तू स्वस्त झाली म्हणजे तिचा उपयोग आपोआप नीट होतो, असे गृहीत धरणारे अर्थशास्त्र मीठ-मिरचीस लागू पडेल. हृदयाच्या औषधास लागू पडत नाही. ही औषधे कोणी, केव्हा, कशाबरोबर घ्यावयाची नाहीत, हे सांगणारा माणूस वस्तूबरोबर यावा लागतो. परंडा तालुक्यात तो माणूस कोण?

हृदयरोगतज्ज्ञ बार्शीस, सोलापुरास किंवा पुण्यास बसतो. तो रुग्णास तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी पाहतो आणि तेही रुग्णाजवळ जाण्यायेण्याचे व तपासणीचे पैसे असतील तर. मधल्या काळात दर महिन्यास, पुष्कळदा पैसे हाती आले की दर आठवड्यास, रुग्ण ज्याच्यासमोर उभा राहतो तो म्हणजे औषधाच्या दुकानातला पदविकाधारक. "परवाचीच बीपीची गोळी द्या," "जिभेखालची द्या," "रक्त पातळ व्हायची संपली" ही भाषा ज्याला समजते असा या साखळीतला तो एकटाच शिकलेला माणूस होय. भारतातील एकूण मृत्यूंत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचा वाटा १९९० साली सुमारे १५ टक्के होता, तो २०१६ साली २८ टक्क्यांवर गेला. हे मृत्यू आता शहरी सुखवस्तू वर्गापुरते राहिलेले नाहीत. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुराष्ट्रीय पाहणीत, कमी उत्पन्नाच्या देशांत (त्यांत भारत मोडत होता) हृदयविकाराचा वा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या दर दहा माणसांपैकी आठ जण एकही सिद्ध औषध घेत नव्हते असे आढळले. औषध न मिळणे हा तेव्हाचा प्रश्न होता. आता औषध मिळते, आणि प्रश्नाचे रूप बदलले आहे.

एक कल्पित, पण कोणत्याही दुकानदारास ओळखीचे वाटेल असे उदाहरण घ्यावे. सोनारीकडचा एखादा साठीचा शेतकरी. सोलापुरास झटक्यावर उपचार होऊन घरी परतला आहे. चिठ्ठीवर अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अॅटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल आणि पाण्याची गोळी. महिन्याभराने त्याला कोरडा खोकला लागतो. रॅमिप्रिलच्या गटातील औषधांनी काही रुग्णांस असा खोकला येतो, हे औषधशास्त्राच्या प्रत्येक पुस्तकात आहे. दुकानात मात्र त्याला खोकल्याचे बाटलीबंद औषध मिळते. पुढे गुडघे दुखतात म्हणून डायक्लोफेनॅकची पट्टी जाते. ती मूत्रपिंडावर ताण आणते, अंगात पाणी साठविते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीने पोटात रक्तस्राव घडवू शकते. पोटात जळजळ होऊ लागली म्हणून ओमिप्राझोल दिले जाते. ते क्लोपिडोग्रेलचा प्रभाव कमी करते. यथावकाश डॉक्टर रॅमिप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वलसार्टन लिहून देतात. या दोहोंत किमान ३६ तासांचे अंतर राखले नाही तर चेहरा व घसा सुजून जीव धोक्यात येऊ शकतो. पण घरी जुनी पट्टी अर्धी शिल्लक असते आणि ती वाया घालविणे शेतकऱ्याच्या स्वभावात बसत नाही. या साऱ्या व्यवहारात कोणी कोणास फसविलेले नाही. प्रत्येक विक्रीमागे ग्राहकाची खरी तक्रार होती. तरीही शेवटी जो माणूस रुग्णवाहिकेत घालून बार्शीस न्यावा लागतो, त्याच्या दुखण्यात मूळ रोगाचा वाटा किती आणि दुकानाच्या फळीचा किती, हे सांगणे कठीण जाईल.

कारखान्यासाठी शिकलेला विक्रेता

यावर पहिला उद्गार असा निघतो की विक्रेते अशिक्षित आहेत. ते खरे नाही. कायद्याने औषधाच्या दुकानात नोंदणीकृत औषधनिर्माता असलाच पाहिजे, आणि बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका व ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पुरे केल्यावाचून ती नोंदणी होत नाही. शिक्षण आहे, ते कशासाठी आखले गेले, हा विचार करण्याजोगा भाग आहे.

आपल्याकडील औषधनिर्माणाचे विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विद्यापीठात महादेवलाल श्रॉफ यांनी सुरू केले, आणि त्याचा कल आरंभापासून उद्योगाकडे राहिला. १९४८ चा फार्मसी कायदा झाला, १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, १९५७ साली मुंबईत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी निघाले. पुढे १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या केवळ प्रक्रियेवर पेटंट ठेवले आणि भारतीय कारखानदारीस मोकळे रान मिळाले. या काळात गोळी कशी दाबावी, तिच्यावर लेप कसा चढवावा, ती किती मिनिटांत विरघळते हे जाणणारे तरुण देशास हवे होते व महाविद्यालयांनी ते दिले. जगाला स्वस्त औषध पुरविणारा देश अशी जी ख्याती आज आहे, तिचे बरेचसे श्रेय या शिक्षणाकडे जाते. म्हणून त्याला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र गोळी बनविणारा आणि गोळी देणारा ही दोन निरनिराळी माणसे आहेत, हे अभ्यासक्रमाने फार उशिरा ओळखले.

१९९१ च्या पदविका नियमांत औषधशास्त्र होते, दुकान चालविण्याचे व्यवस्थापन होते. परंतु रोगागणिक औषधयोजना असा स्वतंत्र विषय नव्हता. तो २०२० च्या नव्या नियमांनी दुसऱ्या वर्षात आणला. २००८ साली सहा वर्षांचा फार्म. डी. हा रुग्णालयाधिष्ठित अभ्यासक्रम निघाला, पण त्यास ३०० खाटांच्या रुग्णालयाची अट असल्याने तो मोठ्या शहरांतच राहणार हे उघड होते आणि तसेच झाले. २०१५ च्या व्यवसाय-विनियमांनी रुग्णास समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य ठरविले. कागदावर, तेव्हा, सारे आले आहे. धाराशिव जिल्ह्यात व लगतच्या बार्शीत औषधनिर्माणाची महाविद्यालयेही आहेत. किंबहुना राज्यभर ती इतकी वाढली की फार्मसी परिषदेने २०१९ साली नव्या महाविद्यालयांवर पाच वर्षांची बंदी घातली आणि ती २०२२ साली सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही.

वर्ग आहेत, विषय आहे. तो शिकविणारा कोण, ही खरी मेख आहे. पदव्युत्तर शिक्षणात विद्यार्थ्यांचा ओढा गोळ्या-कॅप्सूलांच्या निर्मितिशास्त्राकडे अधिक, कारण नोकऱ्या तेथे आहेत. त्यामुळे हृदयरोगाची औषधयोजना शिकविण्यास पुष्कळदा असा अध्यापक उभा राहतो, की ज्याने एकाही हृदयरुग्णाच्या खाटेशेजारी उभे राहून चिठ्ठी वाचलेली नसते. दोष त्याचा नाही. तो पुस्तकातील तक्ता फळ्यावर उतरवितो: गट, उदाहरण, कार्य, दुष्परिणाम. विद्यार्थी तो वहीत उतरवितो, परीक्षेत पुन्हा कागदावर उतरवितो, आणि या तीन उतरवण्यांत रुग्ण कोठेही येत नाही. त्यातच पुस्तके इंग्रजीत. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेला मुलगा 'रुग्ण-समुपदेशन' या प्रकरणावर इंग्रजीत दहा गुणांचे उत्तर लिहितो. परंतु ही गोळी अचानक का सोडू नये, हे चार वाक्यांत आपल्या आजीला समजेल असे मराठीत बोलून दाखवावयाचा प्रसंग दोन वर्षांत त्याच्यावर येतोच असे नाही.

प्रगत म्हणजे काय?

पदविकेच्या विद्यार्थ्यास हृदयरोगावरील प्रगत औषधयोजना शिकवावी असे म्हटले की वैद्यकाच्या बाजूने एक आक्षेप येतो, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. अर्धवट ज्ञान घेऊन औषधविक्या डॉक्टर होऊन बसेल, चिठ्ठी बदलेल, असे भय व्यक्त केले जाते. आजही चिठ्ठीवाचून औषधे दिली जातात, हे लक्षात घेता हे भय निराधार नाही.

मात्र ज्ञान डॉक्टरांपुरतेच ठेवले म्हणजे धोका टळतो, हेही खरे नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताचा अनुभव या बाबतीत डोळे उघडणारा आहे. १९९९ साली स्पायरोनोलॅक्टोनची चाचणी प्रसिद्ध झाली. दुबळ्या हृदयाच्या रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण या जुन्या, स्वस्त गोळीने सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे तीत दिसले. साहजिकच डॉक्टरांनी ती सर्रास लिहावयास घेतली. विशिष्ट गटातील वृद्ध रुग्णांत १९९४ साली दर हजारी ३४ चिठ्ठ्या होत्या, त्या २००१ पर्यंत १४९ झाल्या. आणि रक्तातील पोटॅशियम घातक पातळीवर गेल्यामुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण याच काळात हजारी २.४ वरून ११ वर गेले. मृत्यूही वाढले. हा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. चाचणीतील रुग्णांचे रक्त ठरलेल्या दिवशी तपासले जात होते, मूत्रपिंड क्षीण असलेले रुग्ण आधीच वगळलेले होते. बाहेरच्या जगात गोळी तेवढी गेली, तपासणी मागे राहिली. जेथे प्रत्येक नागरिकामागे सरकारी आरोग्यव्यवस्था उभी आहे, तेथे हे घडले. परंड्यात अशी मोजणी करणारेच कोणी नाही, म्हणून आकडा दिसत नाही एवढेच.

तेव्हा प्रगत शिक्षण म्हणजे अधिक औषधांची नावे नव्हेत. गोळी देताना कोणता प्रश्न विचारावयाचा, आणि कोणते उत्तर मिळाले की ती न देता रुग्णास डॉक्टरकडे परत पाठवावयाचे, हे समजणे म्हणजे प्रगत शिक्षण. स्पायरोनोलॅक्टोन देताना शेवटची रक्ततपासणी केव्हा झाली. डिगॉक्सिन घेणाऱ्यास मळमळते का, दृष्टीस पिवळसर दिसते का. या डिगॉक्सिनचे मूळ असलेल्या वनस्पतीवर विल्यम विदरिंग याने १७८५ साली पुस्तक लिहिले तेव्हापासून गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांतील अंतर किती थोडे आहे ते ज्ञात आहे. कृत्रिम झडप बसविलेल्या व रक्त पातळ करणारे एसेनोकूमारॉल घेणाऱ्या बाईने मेथी-पालकाचे प्रमाण एकाएकी बदलले का. चिठ्ठी बदलून आलेल्या रुग्णाजवळ तेच औषध दुसऱ्या व्यापारी नावाने घरी पडून तर नाही. (औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने हटवावीत, अशी शिफारस जयसुखलाल हाथी यांच्या समितीने १९७५ साली केली होती, पन्नास वर्षे झाली, नावे वाढतच आहेत.)

काही प्रश्न तर पुस्तकात सापडणारच नाहीत. ते या मातीतून काढावे लागतील. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर व पाणी बाहेर टाकते. ते घेणारा मधुमेही रुग्ण नवरात्रात नऊ दिवस उपवास धरून तुळजापुरास पायी निघाला, किंवा उन्हाळ्यातील रोजे त्याने निर्जळी केले, तर शरीरातील पाणी घटते आणि रक्तात आम्ल साठण्याचा धोका उद्भवतो. अशा दिवसांत गोळीचे काय करावयाचे ते आधीच डॉक्टरला विचारून ठेवावयास हवे, आणि ती आठवण करून देण्याजोगा माणूस दुकानातच असतो. मे महिन्यातील मराठवाड्याच्या उन्हात पाण्याची गोळी घेऊन रोजगारावर जाणाऱ्यास चक्कर येते, तेव्हा 'अशक्तपणा' म्हणून ताकदीचे औषध विकले जाते. ऊसतोडीस निघालेले कुटुंब पाच महिन्यांनी परतणार असते. मेटोप्रोलॉल एकाएकी बंद पडले तर छातीतील दुखणे उलटून उसळते. निघण्यापूर्वी किती महिन्यांच्या गोळ्या बरोबर घेतल्या आणि संपल्यावर कारखान्याच्या गावी कोणत्या नावाने मागावयाच्या, हे त्या बाईच्या हाती मराठीत लिहून देणे, यास औषधशास्त्राचा कोणता भाग म्हणावयाचे ते अभ्यासमंडळाने ठरवावे.

स्थानिक ज्ञानास कमी लेखण्याचे कारण नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवर सर्पगंधेचा उपयोग करून १९४९ साली ब्रिटिश नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला आणि रक्तदाबाच्या औषधोपचारात जगास एक नवी वाट मिळाली. १९५७ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक त्यांना मिळाले. या मुळीपासून काढलेल्या रेसर्पिनने काही रुग्णांस खोल खिन्नता येते, हे नंतर ध्यानात आले व मात्रा घटविण्यात आल्या. औषधाचे अर्धे शास्त्र ते बाजारात आल्यानंतर कळते. आणि बाजारातले कान म्हणजे औषधविक्रेत्याचेच कान.

न विकण्याचे मोल

आता हे सारे उत्तम रीतीने शिकविले असे मानले, तरी एक अडथळा उरतो आणि तो वर्गाबाहेरचा आहे. शिकलेल्या विक्रेत्याचे ज्ञान बहुधा न विकण्यात खर्ची पडते. खोकल्याची बाटली न देणे, डायक्लोफेनॅक न देणे, रुग्णास परत पाठविणे. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार अनुसूचित औषधाच्या कमाल किमतीत किरकोळ विक्रेत्याचा वाटा १६ टक्के धरलेला आहे; बाकीच्या मालावर प्रघाताने त्याहून अधिक सुटतो. हृदयाच्या स्वस्त गोळीवर मिळणारे थोडे पैसे आणि तिच्यासोबत जाणाऱ्या बाटलीवर मिळणारे जास्त पैसे, यांत दुकानाचे भाडे कशातून निघते ते सांगावयास नको. दहा मिनिटे समजावून सांगण्याचे त्याला काहीच मिळत नाही. ज्या कामास मोबदला नाही ते काम माणसे सद्भावनेने काही दिवस करतात. त्याच्यावर व्यवस्था उभी राहत नाही.

याचेच विकृत टोक म्हणजे भाड्याने दिलेले नोंदणीपत्र. भिंतीवर चौकटीत प्रमाणपत्र टांगलेले, त्यावरचा माणूस पुण्यास दुसऱ्या नोकरीत, आणि गल्ल्यामागे दहावी झालेला मुलगा. महेश झगडे हे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना, २०११ नंतरच्या दोन-तीन वर्षांत, दुकानात औषधनिर्माता प्रत्यक्ष हजर हवा या साध्या नियमाचा आग्रह धरला गेला आणि राज्यभर केवढा गदारोळ उठला तो अनेकांस स्मरत असेल. त्या गदारोळात विक्रेत्यांच्या संघटनांनी औषधनिर्माते पुरेसे मिळत नाहीत असेही म्हटले होते. आज महाविद्यालये मुबलक आहेत. प्रमाणपत्राचे भाडे हजर माणसाच्या पगारापेक्षा स्वस्त पडते तोवर ती वाढल्याने काय होईल? प्रमाणपत्रे वाढतील, भाडे उतरेल.

म्हणून शिक्षणातील सुधारणा आणि बाजारातील सुधारणा हातात हात घालूनच व्हावयास हव्यात. शासकीय रुग्णालयांतील रक्तदाब-मधुमेहाच्या कक्षांत औषधनिर्मात्याच्या समुपदेशनास वेगळे पद व वेगळा वेळ देणे ही त्यातली सर्वांत सोपी पायरी, कारण तेथे विक्रीचा मोह नसतो. महाराष्ट्रासह पाच राज्यांत २०१७ पासून चालू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या उपक्रमाने हे दाखविले आहे की ठरावीक औषधे, ठरावीक क्रम आणि रुग्णाची नोंद एवढ्यावर साध्या केंद्रातही पुष्कळ साधते. खासगी दुकानांचे काय करावयाचे, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. समुपदेशनास लहानसे शुल्क ठरवावे तर गरीब रुग्ण ते टाळील. शासनाने द्यावे तर खोट्या नोंदींची भीती. यावर तयार उत्तर कोणाजवळच दिसत नाही, आणि असल्याचा आव आणण्यात अर्थ नाही.

महाविद्यालयांच्या हाती मात्र एक गोष्ट आजच आहे. पदविकेच्या ५०० तासांच्या प्रशिक्षणाचे काय करावयाचे ते बहुतांशी तीच ठरवितात. हे तास पुष्कळदा ओळखीच्या दुकानाच्या शिक्क्यावर भागविले जातात. त्यांतील शंभर तास तरी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, हृदयरुग्णांच्या चिठ्ठ्या वाचीत आणि रुग्णाशी मराठीत बोलत काढावेत, व दर आठवड्यास एका डॉक्टरने तासभर त्या चिठ्ठ्यांवर विद्यार्थ्यांस प्रश्न विचारावेत, यास नवा नियम लागत नाही, इमारत लागत नाही. डॉक्टरचे मानधन लागते आणि विद्यार्थ्यांचे एस. टी. चे भाडे. परंड्याहून सकाळी लवकर निघालेली गाडी बार्शीस बाह्यरुग्ण विभागाची खिडकी उघडण्यापूर्वी पोचते.